वॉनस्टेडची वारसदार: कॅथरीन टिल्नी-लाँगच्या लग्नाचं प्रकरण

वसईचा तह आणि असईची लढाई यांच्यामुळे वेलस्ली हे आडनाव मराठी वाचकाला नवं नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं वसईच्या तहावर सही केली, तेव्हा रिचर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला मराठी फौजेवर चालून गेला तो त्याचा धाकटा भाऊ आर्थर, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. या दोघांच्या मधला एक भाऊ होता, विल्यम वेलस्ली-पोल. तो हिंदुस्थानात नव्हे, लंडन-डब्लिनच्या राजकारणात वाढला. त्याच्या मुलाचं नावही विल्यमच. या मुलानं १८१२ साली केलेलं लग्न हा या लेखाचा विषय आहे.

त्या लग्नाची गोष्ट तेव्हा लंडनभर चवीनं सांगितली जायची. राजाच्या मुलाला नकार देऊन एका बावीस वर्षांच्या मुलीनं आपल्या मनाला भावलेला तरुण निवडला. यात खोटं काही नाही, पण ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी वकिलांच्या दप्तरात होती. नवरा वाईट निघाला हे तर खरंच. पण मला हे प्रकरण त्याहून अधिक एका करारनाम्याचं वाटतं. लग्नाआधी केलेल्या त्या करारानं जमीन सांभाळली. जिची ती जमीन होती, तिला सांभाळायची तरतूद त्यात फार तोकडी होती.

पैसा कुठून आला

कॅथरीनचा जन्म १७८९चा. वडील सर जेम्स टिल्नी-लाँग हे विल्टशरमधल्या ड्रेकॉटचे जमीनदार. ते १७९४ मध्ये गेले, तेव्हा घरात तीन लहान मुली आणि त्याच वर्षी जन्मलेला एक मुलगा होता. अर्थात सगळं त्या मुलाकडे गेलं. तो १८०५ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी वारला आणि मालमत्ता थोरल्या बहिणीकडे, कॅथरीनकडे आली.

तिच्या वारशात ड्रेकॉट होतंच, पण खरा डोळ्यांत भरणारा भाग होता लंडनच्या पूर्वेला, एसेक्समधला वॉनस्टेड हाउस. ही जागा १६७३ मध्ये सर जोसाया चाइल्डनं घेतली होती. हा चाइल्ड म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा लंडनमधला सर्वेसर्वा. औरंगजेबाशी युद्ध उकरून काढायची त्याची खुमखुमी मुंबईला भोवली. १६८९ मध्ये, ज्या वर्षी संभाजी महाराजांची हत्या झाली त्याच वर्षी, जंजिऱ्याच्या सिद्दीनं मुंबई बेटावर उतरून किल्ल्याला वेढा घातला. शेवटी कंपनीनं बादशहाची माफी मागितली आणि दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा कुठे १६९० मध्ये सिद्दी हलला. इकडे मुंबईत माणसं मरत होती आणि तिकडे चाइल्डची संपत्ती शाबूत होती. त्याच्या मुलानं, रिचर्डनं, १७१५ च्या सुमारास कॉलिन कॅम्बेल या वास्तुविशारदाकडून वॉनस्टेडला नवा प्रासाद बांधायला घेतला. त्याला तीन लाख साठ हजार पौंड लागले असं पुढे सांगितलं जायचं. रिचर्डच्या मुलाला मूलबाळ नव्हतं, म्हणून १७८४ मध्ये सगळं भाच्याकडे आलं. तो भाचा म्हणजे कॅथरीनचे वडील.

वारसदार अज्ञान असताना उत्पन्न खर्च होत नाही, साठत जातं. १७९४ पासून कॅथरीन १८१० मध्ये एकवीस वर्षांची होईपर्यंत ते असंच साठलं. त्यामुळे ती सज्ञान झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी आकडे छापले: वर्षाला चाळीस हजार पौंडांचं उत्पन्न, शिवाय तीन लाख रोख. आकडे फुगवलेले असतील, पण लग्नाच्या बाजारात लोक चालतात ते छापून आलेल्या आकड्यावरच. वडील नाहीत, भाऊ नाही, आणि ती कायद्यानं सज्ञान, त्यामुळे लग्नाला कुणाच्या परवानगीची गरज नाही. इतकं स्वातंत्र्य त्या काळात फार थोड्या मुलींना होतं, आणि ते फक्त लग्नाच्या दिवसापर्यंतच होतं.

राजपुत्राची मागणी

१८११ च्या फेब्रुवारीत तिसऱ्या जॉर्जच्या वेडामुळे थोरल्या राजपुत्राकडे राज्यकारभार आला आणि रीजन्सी सुरू झाली. त्याच वर्षी त्याचा भाऊ, ड्यूक ऑफ क्लॅरन्स, कॅथरीनच्या मागे लागला. तो शेहेचाळीस वर्षांचा आणि कर्जात बुडालेला. शिवाय गेली वीस वर्षं तो डोरोथी जॉर्डन या नटीबरोबर संसार करत होता आणि त्यांना दहा मुलं होती.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण जॉर्डनबाईंची हकिकत आणि कॅथरीनची हकिकत एकाच कापडाची आहे. त्या काळातली ही मोठी विनोदी नटी, स्वतः कमावणारी. ऑक्टोबर १८११ मध्ये ती चेल्टनहॅमला नाटक करत होती, तेव्हा ड्यूकचं पत्र आलं: मेडनहेडला येऊन भेट, आपण वेगळं व्हायचं आहे. मग वकील बसले आणि कागद झाला. तिला आणि मुलींना मिळून वर्षाला चार हजार चारशे पौंड. पण ती पुन्हा रंगभूमीवर गेली तर मुली आणि त्यांच्यासाठीची रक्कम परत ड्यूककडे. म्हणजे पोट भरायची जी एकच कला तिच्या हातात होती तीच वापरली की मुली जाणार. पुढे एका जावयाच्या कर्जापायी तिला पुन्हा उभं राहावंच लागलं. नंतर एका जावयानं तिच्या सहीच्या कोऱ्या कागदांवर मनमानी रकमा घातल्या. धनकोंच्या भीतीनं ती फ्रान्सला गेली आणि ५ जुलै १८१६ रोजी पॅरिसजवळ सँ-क्लूला वारली. ड्यूक १८३० मध्ये राजा झाला.

कॅथरीननं ड्यूकला नकार दिला, एकदा नाही, अनेकदा. व्यंगचित्रकारांना तर पर्वणीच मिळाली. कर्जबाजारी राजपुत्र, मागे टाकलेली नटी, रांगेनं मुलं आणि समोर पैशाच्या थैल्या घेतलेली नवरी, अशी चित्रं दुकानांच्या काचांमागे लागली. ड्यूकला काय हवं होतं ते सगळ्यांना दिसत होतं. त्यामुळेच दुसऱ्या उमेदवाराकडे बघताना लोकांची नजर सैल झाली. तो तरुण होता, देखणा होता, नाचात वाकबगार होता आणि वेलिंग्टनचा पुतण्या होता. स्पेनमधल्या विजयांनी त्या वर्षी वेलिंग्टनचं नाव गाजत होतं. विल्यमच्या उधळेपणाची कुजबुज होतीच, पण ड्यूकशेजारी उभा केला तर तो प्रेमवीरच दिसायचा. तिच्या नावावरून त्यानं एकाशी द्वंद्वही केलं. ज्या मुलीला चहूबाजूंनी फक्त पैशासाठी मागणी येते, तिला जीव धोक्यात घालणारा माणूस खरा वाटला, यात तिला दोष द्यावा असं मला मुळीच वाटत नाही.

१४ मार्च १८१२

लग्न पिकॅडिलीच्या सेंट जेम्स चर्चमध्ये झालं. नवरीच्या ब्रसेल्स लेसच्या पोशाखाची किंमत सातशे गिनी, असं वर्तमानपत्रांनी छापलं. नवरदेव अंगठीच विसरला आणि जवळच्या सराफाकडून ऐन वेळी आणावी लागली, हेही छापलं. त्यानं आपल्या नावात तिची दोन्ही आडनावं जोडून घेतली आणि पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली असं लांबलचक नाव लावलं. त्या नावाची विडंबनंही लगेच निघाली.

करारनामा मात्र कुणी छापला नाही. या प्रकरणाची किल्ली त्यात आहे.

इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला वेगळं कायदेशीर अस्तित्व नव्हतं. तिची रोकड, दागिने, सामान नवऱ्याचं व्हायचं. जमिनीचं उत्पन्नही त्याच्या हाती जायचं. ही सरसकट पद्धत टाळण्यासाठी श्रीमंत घराणी लग्नाआधी करार करून जमीन विश्वस्तांच्या नावे करायची. कॅथरीनच्या करारात विल्यमला मालमत्तेचा तहहयात हक्क मिळाला. तो जिवंत असेपर्यंत उत्पन्न त्याचं, त्याच्यानंतर जमीन थोरल्या मुलाची. कॅथरीनला स्वतःच्या हातखर्चाची वार्षिक रक्कम. म्हणजे विल्यमला मूळ जमीन विकता येणार नव्हती. मुलाचा वारसा पक्का झाला.

वरवर पाहता हे पुरेसं वाटतं. पण तहहयात हक्क ही स्वतःच विकता आणि गहाण टाकता येणारी वस्तू होती. व्याजाला तेव्हा पाच टक्क्यांची कायदेशीर मर्यादा होती, म्हणून अशा माणसाला सावकार कर्ज द्यायचे ते कर्ज या नावानं नाही. एकरकमी पैसे घे आणि जिवंत असेपर्यंत आम्हाला दर वर्षी ठरावीक रक्कम दे, असा वर्षासनाचा व्यवहार व्हायचा. कागदावर व्याज दिसत नसे आणि प्रत्यक्षात ते दुपटीनं वसूल होई. आयुष्यभराचं उत्पन्न हातात असलेला तेवीस वर्षांचा तरुण म्हणजे या धंद्यातलं सर्वांत चांगलं गिऱ्हाईक.

दुसरी बाब याहून जिव्हाळ्याची. पत्नीचं उत्पन्न 'केवळ तिच्या वेगळ्या उपभोगासाठी' विश्वस्तांकडे ठेवायची सोय इंग्लंडच्या न्यायालयांत होती. पण नवरा बायकोला गोड बोलून किंवा धमकावून त्यावरही सही घ्यायचा. म्हणून १७९० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉर्ड थर्लोनं, म्हणजे तेव्हाच्या लॉर्ड चॅन्सलरनं (देशाच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्यानं), एक नवं कलम रुजवलं: बाईनं स्वतः सही केली तरी पुढचं उत्पन्न आगाऊ विकता किंवा गहाण टाकता येणार नाही. म्हणजे १८१२ मध्ये हे हत्यार वीस वर्षं जुनं होतं. चांगल्या वकिलाला ते ठाऊक असणारच. चाळीस हजारांच्या उत्पन्नातला मोठा वाटा अशा कलमाखाली ठेवला असता, तर नवऱ्याच्या कर्जाला तिथे वाट मिळाली नसती. पण तसं करणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास दाखवणं, आणि समोर मंत्री असलेला सासरा, माजी गव्हर्नर जनरल असलेला एक चुलतसासरा आणि सेनापती असलेला दुसरा. प्रेमात पडलेल्या बावीस वर्षांच्या मुलीनं तिथे अडून बसायला हवं होतं, असं दोनशे वर्षांनी आपण म्हणू शकतो. तिच्या बाजूनं अडून बसणं हे खरं तर तिच्या सल्लागारांचं काम होतं.

दहा वर्षं

यानंतरचा भाग लवकर सांगून होतो. वॉनस्टेडला मेजवान्या झाल्या, बागा पुन्हा आखल्या गेल्या, घर नव्यानं सजवलं. १८१३, १८१५ आणि १८१८ मध्ये मुलं झाली: विल्यम, जेम्स आणि व्हिक्टोरिया. याच काळात आजोबा वेलस्ली-पोल टांकसाळीचे प्रमुख होते. १८१६ नंतर इंग्लंडनं जी नवी नाणी पाडली ती त्यांच्या देखरेखीखाली.

एक गोष्ट मात्र नीट पाहण्यासारखी आहे. विल्यम १८१२ पासून पार्लमेंटचा सदस्य होता, आणि सदस्याला कर्जासाठी अटक करता येत नसे. १८१८ मध्ये त्यानं विल्टशरची जागा प्रचंड खर्च करून जिंकली. १८२० मध्ये ती गेली आणि तिच्याबरोबर संरक्षणही गेलं. १८२२ मध्ये त्यानं राजदरबारात मानाची एक नोकरी मिळवली, कारण राजाच्या सेवकालाही अटकेपासून अभय होतं. मग तो देश सोडून युरोपात गेला. त्याच्या राजकारणाचा अर्थ मी तरी या क्रमावरूनच लावते.

जून १८२२ मध्ये वॉनस्टेडमधल्या सामानाचा लिलाव सुरू झाला. जॉर्ज रॉबिन्स हा त्या काळचा नामांकित लिलाववाला. बत्तीस दिवस लिलाव चालला. चित्रं, गालिचे, आरसे, पुतळे, पुस्तकं गेली आणि सुमारे एकेचाळीस हजार पौंड आले. घराला गिऱ्हाईक मिळेना. १८२४ मध्ये ते दहा हजार पौंडांना पाडकामवाल्यांना दिलं गेलं आणि वर्षभरात दगड, खांब, लाकूड सुटं करून विकलं गेलं. जमीन करारानं बांधलेली होती, ती तिथेच राहिली.

नेपल्स, पॅरिस, रिचमंड

कुटुंब नेपल्सला असताना विल्यमचं हेलेना ब्लाय या लष्करी कप्तानाच्या बायकोशी सूत जुळलं. आधी लपूनछपून, मग उघड. कॅथरीननं बराच काळ सहन केलं. नंतर पॅरिसहून मुलांना घेऊन ती इंग्लंडला आली आणि बहिणींच्या आधारानं राहू लागली. १२ सप्टेंबर १८२५ रोजी, छत्तिसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, ती रिचमंडला वारली. मुलं बापाच्या हाती पडू नयेत, ही तिची बहिणींकडे शेवटची मागणी होती.

डोरोथी आणि एमा या दोन्ही मावश्यांनी ती मागणी चॅन्सरी न्यायालयात, म्हणजे लॉर्ड चॅन्सलरच्या न्यायालयात, नेली. बापाचा मुलांवरचा हक्क तेव्हा जवळजवळ अभेद्य होता. आईला जिवंतपणीही तसा हक्क नव्हता, आणि त्यात पहिली फट पडली ती १८३९ च्या कायद्यानं. १८१७ मध्ये लॉर्ड चॅन्सलर एल्डननं कवी शेलीला त्याच्या मुलांचा ताबा नाकारला होता, पण तिथे प्रश्न त्याच्या मतांचाही होता. इथे प्रश्न फक्त वागणुकीचा होता. विल्यमनं मुलांना आणि त्यांच्या शिक्षकाला लिहिलेली पत्रं कोर्टात वाचली गेली. अभ्यास झाला की बाहेर पडा, दंगा करा, कुत्र्यामांजरांच्या आणि बायांच्या मागे धावा, अशा आशयाची. फेब्रुवारी १८२७ मध्ये एल्डननं निकाल दिला: मुलं बापाला मिळणार नाहीत. १८२८ मध्ये लॉर्ड्स सभागृहानं तो कायम केला. 'वेलस्ली विरुद्ध ड्यूक ऑफ ब्यूफोर्ट' हा निवाडा पुढे पालकत्वाच्या कायद्यात वारंवार आधाराला घेतला गेला.

या निकालातली एक ओळ माझ्या मनातून जात नाही. एल्डन म्हणाला त्याचा आशय असा: मुलाच्या नावे मालमत्ता असेल तरच न्यायालयाला काही करता येतं, कारण मालमत्ता नसेल तर त्याच्या हातात साधनच नसतं. मुलांना कुठे ठेवायचं, काय शिकवायचं, यासाठी पैसा लागतो आणि न्यायालय तो स्वतः देत नाही. म्हणजे ज्या करारानं कॅथरीनला उघडं पाडलं, त्याच करारानं मुलांच्या नावे जमीन ठेवली म्हणून न्यायालयाला हात घालता आला. हाच बाप गरीब असता, तर हीच पत्रं, हाच छळ, आणि मुलं त्याच्याकडेच राहिली असती. तिचा करार चांगला की वाईट, याचं एका शब्दात उत्तर मला देता येत नाही ते याचमुळे.

विल्यम गप्प बसला नाही. १८२८ मध्ये त्यानं हेलेनाशी लग्न केलं. १८३१ मध्ये त्यानं व्हिक्टोरियाला मावश्यांकडून उचलून नेलं, तेव्हा न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्याला अटक झाली. तो पुन्हा पार्लमेंटचा सदस्य झालेला होता आणि त्यानं पुन्हा तीच ढाल पुढे केली. या वेळी सभागृहानंच सांगितलं की अवमानाच्या बाबतीत सदस्यत्वाचं अभय लागू नाही. १८४५ मध्ये वडिलांची अर्ल ऑफ मॉर्निंग्टन ही पदवी त्याच्याकडे आली. अखेरच्या काळात तो चुलतभावानं, दुसऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टननं, लावून दिलेल्या रकमेवर लंडनच्या भाड्याच्या खोल्यांत राहिला आणि १ जुलै १८५७ रोजी वारला. हेलेनालाही पुढे हलाखीतच दिवस काढावे लागले.

करार त्याच्या मरणानंतर ठरल्याप्रमाणे चालला. तहहयात हक्क संपला आणि जमीन थोरल्या मुलाकडे आली. हा मुलगा अविवाहित होता. त्याला सांभाळलं होतं आईच्या बहिणींनी, आणि धाकटी बहीण व्हिक्टोरिया हयात होती. ती थेट १८९७ पर्यंत जगली. १८६३ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्र उघडलं गेलं. लाँग घराण्याचं पिढ्यानपिढ्यांचं ड्रेकॉट त्यानं अर्ल कौलीच्या नावे केलं होतं. अर्ल कौली हा त्याच्या बापाचा सख्खा चुलतभाऊ, म्हणजे वेलस्लीच.